पेटीतला विम्याचा कागद : कंपनी आज आहे का?

 

घर आवरताना जुनी लोखंडी पेटी उघडली की तळाशी हमखास कागदांची एक पिशवी निघते. त्यात सातबाऱ्याचे उतारे असतात, लग्नाच्या पत्रिका असतात, कुणाचं तरी शाळेचं सर्टिफिकेट असतं. आणि कधी कधी जाड कागदावर छापलेलं, इंग्रजीत लिहिलेलं, खाली शिक्का मारलेलं एक विमापत्र निघतं. त्यावरच्या कंपनीचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं. घरातली पोरं म्हणतात, "ही कंपनी कधीच बंद पडली असेल, टाका रद्दीत." गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणींनी मला हाच प्रश्न विचारला. जुनी विमा कंपनी आज आहे की नाही, हे शोधायचं कसं? आणि कंपनी नसेल, तर पैसे बुडाले असं समजायचं का?

पहिलं उत्तर आधीच देऊन ठेवते. कागद रद्दीत टाकू नका. आपल्या देशात आयुर्विम्याची कंपनी नाहीशी झाली तरी तिची देणी सहसा नाहीशी होत नाहीत. ती दुसऱ्या कुणाकडे तरी गेलेली असतात. ती कुणाकडे गेली, हे कागदावरच्या तारखेवरून बरंचसं कळतं.

आता जरा मागे जाऊ. १८७० च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल नावाची विमा संस्था निघाली. त्याआधीच्या गोऱ्या कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवायला नाखूश असत, उतरवलाच तर हप्ता जास्त लावत. बॉम्बे म्युच्युअलने आपल्या माणसांना नेहमीच्या दराने विमा दिला. १८७४ मध्ये ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी लाइफ ही मोठी कंपनी आली. पुढे स्वदेशीची चळवळ झाली आणि गावोगावी आपल्या लोकांच्या कंपन्या निघाल्या. कोलकात्याला १९०७ मध्ये हिंदुस्तान को-ऑपरेटिव्ह निघाली, तीही जोरासांक्याच्या टागोरांच्या वाड्यातल्या एका खोलीत. आपल्या महाराष्ट्रात साताऱ्याला अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. साताऱ्यासारख्या गावातून चालणारी कंपनी, मराठी बोलणारे एजंट, म्हणून मास्तर, कारकून, दुकानदार असे लोक तिच्याकडे वळले.

आणि बायका? बायकांचा विमा उतरवायला बऱ्याच कंपन्या तयार नसत. टपाल खात्याने १ फेब्रुवारी १८८४ ला आपल्या नोकरांसाठी विमा सुरू केला आणि १८९४ मध्ये खात्यातल्या स्त्री नोकरांनाही तो दिला. त्या वेळी दुसरी कुठली कंपनी बायकांचा विमा घेत नव्हती, असं टपाल खातंच सांगतं. म्हणून जुन्या कागदांवर बाईचं नाव असलंच तर ते बहुधा वारस म्हणून, नॉमिनी म्हणून असतं. तिला ते माहीत असेलच असं नाही.

तर अशा कंपन्या भरपूर झाल्या. काही चांगल्या चालल्या, काहींनी लोकांचा पैसा भलतीकडे गुंतवला. १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्या बुडीत निघाल्या. आणखी २५ कंपन्यांची अवस्था अशी झाली की त्यांचं काम दुसऱ्या कंपन्यांकडे द्यावं लागलं, आणि त्यात विमेदारांचं नुकसान झालं. म्हणजे आजोबांनी "विमेवाल्यांनी बुडवलं" असं सांगितलं असेल तर ते उगाच नव्हतं.

मग १९ जानेवारी १९५६ चा दिवस आला. त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख रेडिओवर बोलले आणि आयुर्विम्याचा सगळा धंदा सरकार ताब्यात घेत आहे, असं त्यांनी देशाला सांगितलं. ही बातमीही लोकांनी अशीच रेडिओवर ऐकली, बरं का. त्याच वर्षी संसदेत कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९५६ ला भारतीय आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपली एलआयसी सुरू झाली. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, एकूण २४५ संस्थांचा आयुर्विमा त्यात गेला. साताऱ्याची वेस्टर्न इंडिया त्यात गेली, ओरिएंटल गेली, बॉम्बे म्युच्युअल गेली, हिंदुस्तान को-ऑपरेटिव्हही गेली.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी. या कंपन्यांच्या फक्त इमारती आणि पैसे एलआयसीकडे गेले नाहीत, त्यांची देणीही गेली. ज्याची पॉलिसी ओरिएंटलची होती त्याची पॉलिसी एलआयसीची झाली. शिवाय विम्याची रक्कम आणि बोनस यांना केंद्र सरकारची हमी कायद्यातच लिहिलेली आहे. म्हणून ज्या दिवशी तुमच्या सासऱ्यांची कंपनी संपली, त्या दिवसापासून तुम्ही कुठे विचारायचं हेही ठरून गेलं.

आता कागद हातात घ्या. तो वाचायची एक पद्धत सांगते. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलीला जवळ बसवा आणि सहा गोष्टी वहीत उतरवून घ्या. कंपनीचं पूर्ण नाव. पॉलिसीचा नंबर. सुरू झाल्याची तारीख. विम्याची रक्कम आणि किती वर्षांची मुदत. कुणाच्या जिवावर विमा आहे त्याचं नाव आणि जन्मतारीख किंवा वय. आणि नॉमिनी कोण. मागच्या बाजूला काही शिक्का, सही, नोंद असेल तर तीही लिहा. तिथे कर्जाची, नॉमिनी बदलल्याची किंवा विमा दुसऱ्याच्या नावे केल्याची नोंद असते.

पत्ता वाचताना गोंधळू नका. जुन्या कागदावर धुळे असं लिहिलेलं नसतं, धुलिया असतं. जिल्हा वेस्ट खानदेश असतो, कारण १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि धुळं पश्चिम खानदेशात राहिलं, जळगाव पूर्वेकडच्या जिल्ह्यात गेलं. नंदुरबारकडच्या मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या १ जुलै १९९८ च्या आधीच्या कागदावर जिल्हा धुळेच सापडेल. आपल्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात लोक जुन्या कागदावरची एकेक तारीख, एकेक सही पारखून बघतात. तेवढीच नीट नजर आपल्या घरच्या कागदावरही ठेवायची.

तारीख सापडली की तीन कप्पे करा.

पहिला कप्पा, तारीख १ सप्टेंबर १९५६ च्या आधीची. कंपनी कुठलीही असो, ती त्या वेळी चालू असेल तर तिचा आयुर्विमा एलआयसीकडे आहे. तिथेच विचारा.

दुसरा कप्पा, १९५६ पासून २००० पर्यंतची तारीख. या काळात सर्वसामान्य माणसाला आयुर्विमा द्यायला इथे खासगी कंपनीच नव्हती. म्हणजे कागद एलआयसीचा असेल नाहीतर टपाल विम्याचा. टपाल विमा एलआयसीत गेला नाही, तो टपाल खात्याकडेच राहिला. खेड्यापाड्यांतल्या लोकांसाठी ग्रामीण टपाल विमा २४ मार्च १९९५ ला सुरू झाला. त्यासाठी धुळ्याच्या मुख्य पोस्टात जायचं.

तिसरा कप्पा, २००० नंतरची तारीख. या काळात खासगी कंपन्या आल्या आणि त्यांची नावं इतकी बदलली की शेजारणीने दुसऱ्यांदा विचारलं तर आपल्यालाही आठवू नये. आयएनजी वैश्य लाइफची एक्साइड लाइफ झाली आणि २०२२ मध्ये ती एचडीएफसी लाइफमध्ये विलीन झाली. मॅक्स न्यूयॉर्क लाइफची मॅक्स लाइफ झाली आणि २०२४ च्या अखेरीला ॲक्सिस मॅक्स लाइफ झाली. एएमपी सन्मार २००५ मध्ये रिलायन्सकडे गेली. आयडीबीआय फोर्टिसची आधी आयडीबीआय फेडरल आणि मग एजिस फेडरल झाली. बिर्ला सन लाइफच्या आधी आता आदित्य लागलं आहे. पाटी बदलली तरी पॉलिसीचा करार तोच राहतो. विमा नियामक संस्था, म्हणजे हैदराबादची आयआरडीएआय, तिची परवानगी घेतल्याशिवाय कुठल्याही कंपनीला आपलं काम दुसऱ्याला देता येत नाही. आज कोणत्या कंपन्या चालू आहेत, त्यांची यादी आयआरडीएआयच्या संकेतस्थळावर आहे. मुलीला सांगा, मोबाइलवर पाच मिनिटांत दिसते.

इथे एक फसगत होते, ती सांगते. नावावर जाऊ नका. धुळ्याच्या बाजारात फिरताना तुम्हाला ओरिएंटल इन्शुरन्सची पाटी दिसेल, न्यू इंडिया ॲश्युरन्सची दिसेल. तुमच्या कागदावरही ओरिएंटल लिहिलेलं असेल. तुम्ही तिथे गेलात तर ते तुम्हाला परत पाठवतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. आजची ओरिएंटल इन्शुरन्स ही १९४७ मध्ये निघालेली वेगळी कंपनी आहे. जुन्या आयुर्विम्याच्या ओरिएंटलनेच ती काढली होती, पण तिचं काम गाड्या, आग, चोरी, दवाखाना अशा विम्याचं. न्यू इंडिया ही टाटांच्या घराण्यातली, १९१९ ची. तिच्याकडे पूर्वी आयुर्विमाही होता, तो १९५६ मध्ये एलआयसीकडे गेला आणि बाकीचा विमा तिच्याकडे राहिला. म्हणजे नाव जिवंत आहे, पण तुमचा कागद तिथे नाही. आणि ज्याचं नाव पुसलं गेलं त्याचं देणं मात्र एलआयसीच्या वहीत आहे.

आणखी एक तपासून घ्या, की हा कागद विम्याचाच आहे का. पतसंस्थेची ठेवपावती, भिशीचं कार्ड, बचत कंपनीचं सर्टिफिकेट हे सगळे कागद लांबून सारखेच दिसतात. कोलकात्याची पीअरलेस १९३२ मध्ये विमा कंपनी म्हणूनच निघाली होती. १९५६ नंतर तिने विमा सोडला आणि लोकांकडून बचत गोळा केली. तिच्या एजंटांचं जाळं आपल्याकडेही होतं आणि लोक त्यालाही विमाच म्हणत. असा कागद निघाला तर एलआयसीत त्याचं काही होणार नाही, त्याची वाट वेगळी आहे. म्हणून कागदावर 'लाइफ' आणि 'पॉलिसी' हे शब्द आहेत का, विम्याची रक्कम लिहिली आहे का, ते बघा.

देवपुरातल्याच एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांच्या सासूबाईंनी नव्वदी ओलांडली आहे. म्हातारी कितीतरी वर्षं म्हणत होती, "जिभाऊंनी माझ्यासाठी विमा काढला होता." घरातले हसायचे. कुठे आहे विमा, कुणी पाहिला? यंदा दिवाळीच्या साफसफाईत कागद निघाला. सातारच्या वेस्टर्न इंडियाचा, १९४८ सालचा, दोन हजार रुपयांचा, वीस वर्षांचा. वारस म्हणून सासूबाईंचं नाव. सोबत सुतळीने बांधलेल्या हप्त्यांच्या पावत्या, आठ वर्षांच्या. कागद हातात दिला तेव्हा आजींनी तो उलटासुलटा केला आणि विचारलं, "हाई काय शे?" त्यांना वाचता येत नाही. सुनेने वाचून दाखवलं, त्यांचं स्वतःचं नाव आलं तिथे बोट ठेवलं. त्यावर आजी एवढंच म्हणाल्या, "मी म्हणत होते ना?"

आता या कागदावरून काय कळतं, ते सगळ्यांच्या कामाचं आहे. मुदत संपल्यावर किंवा माणूस गेल्यावर कंपनी पैसे देते तेव्हा मूळ विमापत्र परत घेते. पॉलिसी मोडून पैसे घेतले तरी मूळ कागद जमा करावा लागतो. पॉलिसीवर कर्ज काढलं तरी तो तारण म्हणून कंपनीकडे जातो. मग मूळ कागद घरातच असेल तर त्याचा अर्थ काय? एक तर हप्ते लवकर थांबले आणि पॉलिसी काही मूल्य न उरता बंद पडली. किंवा हप्ते पुरेसे भरले होते आणि पैसे कुणी मागितलेच नाहीत. तिसरी शक्यता, कागद हरवला म्हणून दुसरी प्रत काढून पैसे घेतले गेले. या तिन्हींतलं काय झालं ते पावत्या आणि एलआयसीची नोंद यांवरूनच ठरेल. पण नुसता मूळ कागद घरात आहे, एवढ्यावरही चौकशी करायला जागा आहे.

हप्ते थांबले म्हणजे सगळं गेलं, हा मोठा गैरसमज आहे. पूर्वीच्या पॉलिसीत साधारण तीन वर्षांचे हप्ते भरले असतील तर पॉलिसी पूर्ण मरत नसे. ती पेड-अप होते, म्हणजे रक्कम कमी होऊन टिकून राहते. हिशेब सोपा आहे. वीस वर्षांपैकी आठ वर्षं हप्ते भरले, विमा दोन हजारांचा, तर वीसातले आठ भाग म्हणजे आठशे रुपये, अधिक तोवर जमलेला बोनस असेल तो. तुम्ही म्हणाल, आठशे रुपयांत आज येतं काय? खरं आहे. नाशिकला जाऊन-येऊन भाड्यातच संपायचे. मी कुणाला खोटी आशा लावणार नाही. १९५६ च्या आधीच्या बहुतेक पॉलिसींची मुदत कधीच संपली आहे, पुष्कळांचे पैसे त्या वेळीच घेतले गेले आहेत, आणि राहिले असतील ते त्या काळचे आकडे आहेत. पण पुढच्या, सत्तर-ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या पॉलिसी मोठ्या असतात. शेतकऱ्याने कापसाच्या पैशातून दोन-चार वर्षं हप्ते भरलेले असतात आणि पाऊस गेला त्या वर्षी थांबवलेले असतात. मास्तरांच्या पगारातून हप्ता कापला जायचा, बदली झाली आणि कापणं राहून गेलं. ते पैसे बाईच्या हक्काचे आहेत. त्या ताईंनी अर्ज दिला आहे, पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे.

अर्ज कसा द्यायचा ते सांगते. आधी घराजवळच्या एलआयसी शाखेत जा. पॉलिसीचा नंबर सांगितला तर कुठल्याही शाखेत संगणकावर स्थिती बघता येते. संगणकावर सापडली नाही तर तोंडी उत्तर ऐकून परत येऊ नका. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहा. अमक्या कंपनीची, अमक्या नंबरची, अमक्या तारखेची पॉलिसी १९५६ च्या कायद्याने आपल्याकडे वर्ग झाली आहे, तिची आजची स्थिती आणि देय रक्कम लेखी कळवावी. एवढंच लिहायचं. सोबत विमापत्राची आणि पावत्यांची झेरॉक्स. मूळ कागद पहिल्याच दिवशी देऊन टाकू नका, पैसे मंजूर होताना ते मागतील तेव्हा द्या, आणि त्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शाखेतून काम पुढे सरकलं नाही तर नाशिकच्या विभागीय कार्यालयाला तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

नंबर नसेल, फक्त "विमा होता" एवढंच आठवत असेल, तरी एक वाट आहे. प्रत्येक आयुर्विमा कंपनीला तिच्याकडे पडून असलेल्या, कुणी न मागितलेल्या रकमा शोधायची सोय संकेतस्थळावर ठेवावी लागते. एलआयसीचीही आहे. त्यात विमेदाराचं नाव आणि जन्मतारीख घालायची. नंबर, पॅन असेल तर उत्तम, नसेल तरी चालतं. इथे आपल्या लोकांची अडचण होते ती स्पेलिंगची आणि जन्मतारखेची. नाव कधी वडिलांच्या नावासकट लिहिलेलं असतं, कधी नुसती आद्याक्षरं, बाईचं नाव कधी माहेरचं. जन्मतारीख तर शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली १ जून. म्हणून एकदा नाही म्हटलं की सोडू नका. शाळेच्या दाखल्यावरची तारीख, आधारवरची तारीख, दोन्ही घालून बघा. नावाची तीन-चार स्पेलिंगं करून बघा.

दहा वर्षांहून जास्त काळ कुणी मागितली नाही तर ती रक्कम केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. हे ऐकून घाबरू नका. निधीत गेल्यापासून २५ वर्षांपर्यंत हक्कदाराला ती मागता येते, आणि अर्ज आपल्या विमा कंपनीकडेच करायचा असतो. २५ वर्षं उलटली की मात्र ती सरकारजमा होते. म्हणून "बघू पुढच्या उन्हाळ्यात" असं करत बसू नका.

आता नॉमिनीबद्दल दोन शब्द, कारण घराघरांत यावरून तंटे होतात. पूर्वी नॉमिनी म्हणजे पैसे घेऊन वारसांत वाटणारा माणूस, असाच कायद्याचा अर्थ होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तसंच सांगितलं. २०१५ मध्ये कायदा बदलला. आता विमेदाराने नवरा, बायको, मुलं किंवा आईवडील यांना नॉमिनी केलं असेल, तर पैसे त्यांच्याच हक्काचे होतात. जुन्या पॉलिसीला कुठला नियम लागतो हे मुदत कधी संपली त्यावर ठरतं, ते वकिलाला किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीला विचारा. तिथे महिलांना मोफत सल्ला मिळतो.

विमापत्रावर 'मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्ट' असे शब्द दिसले तर विशेष लक्ष द्या. हा १८७४ चा कायदा आहे. नवऱ्याने त्याखाली बायको-मुलांसाठी विमा काढला असेल तर ते पैसे बायको-मुलांचे. नवऱ्याच्या डोक्यावर सोसायटीचं, सावकाराचं कर्ज असलं तरी देणेकऱ्यांना त्याला हात लावता येत नाही. नवरा गेल्यावर उंबऱ्याशी वसुलीवाले उभे असतात, तेव्हा ही एक ओळ फार मोठी असते.

आणि पेटीबरोबर बँकेचं पासबुकही उघडा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापल्याची नोंद आहे का? २०२२ च्या आधीच्या पानांवर ३३० असेल. ती पंतप्रधान जीवनज्योती विमा योजना, दोन लाखांची. २० रुपये, पूर्वी १२, कापले असतील तर ती अपघाताची सुरक्षा विमा योजना. घरातला माणूस गेल्यावर कितीतरी जणींना हे माहीतच नसतं. कागद नसला तरी पासबुकातली ओळ हाच पुरावा. त्यासाठी बँकेत जायचं आणि शक्य तितक्या लवकर जायचं.

आता सावध करते. तुम्ही अशी शोधाशोध सुरू केली की किंवा न करताही, एखादा फोन येतो. "ताई, तुमच्या मिस्टरांची जुनी पॉलिसी अडकली आहे. अडीच लाख मंजूर झाले आहेत. फक्त प्रोसेसिंगचे साडेसात हजार भरा." बोलणारा गोड बोलतो, पॉलिसीचा नंबरही सांगतो. मैत्रिणींनो, हक्काचे पैसे द्यायला कुठलीही विमा कंपनी आधी पैसे मागत नाही. आयआरडीएआय कुणाला फोन करून बोनस वाटत नाही. ओटीपी सांगायचा नाही, फोन ठेवायचा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर तक्रार करायची. नवरा गेलेल्या बाईला असे फोन जास्त येतात. गल्लीत अशी कुणी असेल तर तिला हे आजच जाऊन सांगा.

कंपनीने दाद दिली नाही तर पुढे कुठे? आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. मग आयआरडीएआयचा बिमा भरोसा कक्ष आहे, त्याचा फोन १५५२५५ किंवा १८०० ४२५४ ७३२. तरी समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. आपल्या धुळे-जळगावसाठी लोकपालांचं कार्यालय पुण्याला आहे. कंपनीने तक्रार नाकारली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर त्यानंतर वर्षाच्या आत तिथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. अर्ज टपालानेही पाठवता येतो.

शेवटी एक घरचं काम देते. या रविवारी जेवणं आटोपली की नवऱ्याला, सासऱ्यांना, मुलांना एकत्र बसवा आणि एका वहीत लिहून काढा. कुणाचा विमा कुठे आहे, नंबर काय, हप्ता कधी, नॉमिनी कोण, कागद कुठल्या पेटीत. आपल्या स्वतःच्या नावावर विमा असेल तर तोही लिहा. कुणी म्हणेल, "आत्ताच कशाला असलं अभद्र?" त्यांना सांगा, रेडिओवरच्या बाईंनी सांगितलं आहे. वही देवघराच्या फडताळात ठेवा आणि मोठ्या मुलीला, सुनेला ती कुठे आहे हे माहीत असू द्या. नाहीतर चाळीस वर्षांनी त्याही अशाच कागद हातात घेऊन विचारत बसतील, ही कंपनी आज आहे का म्हणून.

कुणाच्या पेटीतून काही निघालं तर कागदाची झेरॉक्स घेऊन केंद्रावर या. नंबर आणि तारीख आपण मिळून वाचू. पुढच्या भागात हरवलेल्या विमापत्राची दुसरी प्रत कशी काढायची आणि त्यासाठीचं हमीपत्र कसं भरायचं, ते सांगेन. तोवर नमस्कार.